वर जाणारं नेट

माझी मावशी दुभाषी आहे. दोन भाषांमधली ये-जा हे तिचं काम, पण त्यातली एक भाषा हातांची. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी ती दवाखान्यात, न्यायालयात, शाळेच्या पालकसभेत उभी राहते. एकाचं बोलणं हातांनी सांगते आणि दुसऱ्याचे हात तोंडाने. तिच्या आणि आईच्या वडिलांना, म्हणजे माझ्या आजोबांना, ऐकू येत नसे. त्यामुळे ही भाषा दोघी बहिणी शाळेत जायच्या आधीच शिकल्या. आई ती फक्त भांडताना वापरते. मावशीने तिचा पेशा केला.

हातांच्या भाषेत प्रत्येकाला एक खुणेचं नाव मिळतं. मावशीचं नाव म्हणजे घसरलेला चष्मा एका बोटाने वर ढकलणं. ज्याच्यामुळे हे सगळं घडलं त्या सुताराचं नाव म्हणजे दोन्ही मुठींनी रंधा पुढे सारणं. म्हणून घरात बोलताना आम्ही त्याला रंधाच म्हणतो.

रंधा दुसऱ्या गावात राहतो आणि तिथल्या कारखान्यात एकसारख्या कपाटांची एकसारखी दारं बनवतो. त्याला बनवायचे होते राजवाडे, जहाजं, पडके पूल. एका मोठ्या नाट्यगृहाच्या कार्यशाळेत नाटकांचे सेट उभे करायला सुतार हवा आहे असं कळलं, तेव्हा त्याने अर्ज केला. मुलाखत व्हिडिओवर होती आणि तिघं तीन ठिकाणी: कार्यशाळेचे प्रमुख त्यांच्या खोलीत, रंधा घरी, आणि मावशी दवाखान्यात, कारण त्या दिवशीचं तिचं काम तिथे ठरलेलं. दोन रुग्णांच्या मधल्या वेळात ती जिन्याच्या वळणावर बसली, मांडीवर लॅपटॉप, शेजारी फोनचं हॉटस्पॉट.

सुरुवात छान झाली. मग प्रमुख म्हणाले, "जरा थांबा हं, कागद शोधतो." मावशीने रंध्याला तळहात दाखवला: थांब. नेमका तेव्हाच माझ्या आईचा फोन आला. मावशीचा फोन जुना, त्यावर कॉल आला की नेट तुटायचं.

"जेवलीस का?" आईने विचारलं.

बोलणाऱ्याचं चित्र अडकलं तर आवाज जातो आणि समोरच्याला चटकन कळतं. हातांनी बोलणाऱ्याचं अडकलं तर हात जिथे थांबला तोच शब्द होऊन बसतो. रंध्याच्या पडद्यावर मावशीचा तळहात तसाच उभा राहिला: थांब. आणि रंधा थांबला. प्रमुखांचे ओठ हलताना त्याला दिसत होते, पण मावशी थांब म्हणतेय म्हणजे आपली पाळी अजून यायची आहे, असं समजून तो हात मांडीवर ठेवून शहाण्यासारखा बसून राहिला. प्रमुखांनी प्रश्न विचारला, पुन्हा विचारला. समोर एक माणूस नुसता बघतोय. शेवटी आभार मानून ते निघून गेले.

मावशी परत जोडली गेली तेव्हा पडद्यावर एकटा रंधा होता.

"काय झालं?" तिने हातांनी विचारलं.

"तू थांब म्हणालीस."

"मी नाही, फोन म्हणाला!"

"फोनला हात कधी फुटले?" रंध्याने विचारलं. विनोदच केला त्याने, पण चेहरा पडला होता.

संध्याकाळी मावशीने प्रमुखांना फोन लावला. मी शेजारीच होते. ती फार काही बोलली नाही. "तो गप्प नव्हता हो," ती म्हणाली, "तो माझं ऐकत होता." तळहाताची हकीकत सांगितली. मग ते म्हणाले, "पुढच्या आठवड्यात एकदा बोलू. पण या खेपेला नीट झालं नाही, तर मी दुसरा माणूस घेईन. मला नाटक उभं करायचंय."

आईला हे कळल्यावर ती रडकुंडीला आली. "आता मी तुला फोनच करणार नाही बघ."

"कर गं ताई. फोनने फोनचं काम करावं. नेटसाठी मी वेगळं काहीतरी घेते." आणि माझ्याकडे वळून, "चला भाचीबाई, चपला घाला."

दुकानदार उत्साही होता. काचेच्या टेबलावर त्याने चार खिशातली हॉटस्पॉट मांडली आणि पहिलं उचललं. "हे घ्या मॅडम. अख्खा पिक्चर चुटकीसरशी उतरतो."

"मला पिक्चर उतरवायचा नाहीये. मला दुसऱ्याच्या पडद्यावर दिसायचंय. बोट न् बोट."

त्याने हातातलं यंत्र खाली ठेवलं. "म्हणजे तुम्हाला वर जाणारं नेट पाहिजे! हे बघा, खाली येणारं वेगळं, वर जाणारं वेगळं. गिऱ्हाईक येतं ते खाली येणारंच विचारतं. वरचं विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

"मग दाखवा की वरचं."

"ते असं सांगून कळायचं नाही. लावून बघू."

आम्ही रंध्याला व्हिडिओ लावला. त्याची जेवणाची सुट्टी होती, मागे अर्धवट दारं रांगेने उभी. मावशीची तपासण्याची पद्धत साधी: जे शब्द फक्त एका बोटाच्या वळणाने वेगळे होतात तेच ती भराभर करत गेली आणि रंध्याने ते तसेच परत करायचे. पहिल्या यंत्रावर रंध्याने दोन्ही हात वर केले. "तू हातमोजे घातलेस का?" दुसरं यंत्र अँटेनावालं, भरदार. चित्र लख्ख आलं, पण ते भिंतीतल्या प्लगशिवाय चालेना.

"जिन्यात प्लग कुठून आणू?" मावशी म्हणाली. "हे म्हणजे घोडा घेतला आणि तबेला घरीच."

तिसरं पांढरं, गुळगुळीत, तळहातात मावणारं. चित्र छान. बोटं वेगवेगळी. रंध्याने एक शब्द मुद्दाम चुकवून वात्रट केला आणि मावशी इतकी हसली की दुकानदाराने मला विचारलं, "काय म्हणाला?" मी सांगितलं नाही.

"हेच द्या," मावशी म्हणाली.

इथे दुकानदाराने विकायची घाई केली नाही. "एक सांगू? यात फक्त याच कंपनीचं सिम चालतं. तुम्ही बसता तिथे यांची रेंज आहे का?"

मावशीने माझ्याकडे बघितलं. आम्हा दोघींना माहीत नव्हतं.

त्याने चौथं पुढे सरकवलं. काळं, साबणाच्या वडीएवढं, एका कडेला ओबडधोबड बटण. "दिसायला नाही काही. पण कुठलंही सिम घालता येतं. दोन्ही घेऊन जा आणि तुमच्या जागेवर लावून बघा. नको ते परत आणा."

दुसऱ्या दिवशी जिन्याच्या वळणावर पांढरं यंत्र रेंजच्या एका पट्टीवर धापा टाकत राहिलं. चित्र यायचं, अडकायचं. मावशीने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू लग्नात ऐनवेळी तोंड फिरवलेला सोयराच तो. मग काळं काढलं. पहिलं सिम घातलं तरी तेच रडगाणं. दुसऱ्या कंपनीचं घातलं, आणि पट्ट्या एकामागून एक भरत वर गेल्या.

रंधा पडद्यावर आला. मावशीने आईला फोन लावला. "ताई, आता मला सारखा फोन कर."

"नक्की ना? नाहीतर परत माझ्या नावाने—"

"कर म्हणते ना."

आईचा फोन आला. "जेवलीस का?"

"जेवले. परत कर."

परत आला. "अगं, आता काय विचारू?"

"तेच विचार."

आईने तेच विचारलं. मग भाजी कशी झाली होती विचारलं, मग दवाखान्यातल्या पंख्याचं विचारलं, आणि पलीकडे रंध्याच्या पडद्यावर मावशीची बोटं एकदाही अडकली नाहीत. शेवटी रंध्यानेच हात जोडले. "ताईंना सांग, पास झालो आपण. आणि मलाही भूक लागली."

यंत्र सकाळपासून चालू होतं. संध्याकाळी हातात घेतलं तर जेमतेम कोमट, आणि बॅटरी शिल्लक. पांढरं परत करायला गेलो तेव्हा दुकानदाराने दारातूनच विचारलं, "लागलं का नेट?"

"ते लागलं," मावशी म्हणाली. "आता तो लावायचाय."

तो गोंधळला. मी मात्र रस्ताभर त्या दोन शब्दांकडे बघत आले. इंटरनेटचं नेट नपुंसकलिंगी, कष्टांचा नेट पुल्लिंगी. मुळं वेगवेगळी, आणि मावशीच्या पिशवीत एकाच खणात.

मुलाखतीच्या दिवशी तीच पायरी, तोच वर-खाली करणारा दवाखाना. मी दोन पायऱ्या वर, तिच्या मागे बसले होते, काळं यंत्र माझ्या शेजारी. दुभाष्याचा नियम असा की ज्याचे हात बोलताहेत तो 'मी' म्हणाला की दुभाष्यानेही 'मी'च म्हणायचं. तेव्हा जिन्यात बसून, चष्मा वर ढकलत, माझी मावशी खणखणीत आवाजात सांगू लागली, "मी सुतार आहे. मी वडिलांच्या हाताखाली शिकलो."

प्रमुखांनी विचारलं, "आमच्याकडे फार गोंगाट असतो. चालेल?"

रंध्याचे हात हलले. "मला गोंगाटाचा त्रास नाही," मावशी म्हणाली. "लोकांना माझा होतो. बायको म्हणते मी घोरतो."

वरून उतरणारी नर्स पायरीवरच थबकली, मावशीकडे नीट बघून घेतलं आणि कडेकडेने निघून गेली. पलीकडे प्रमुख हसत होते. मग ते गंभीर झाले.

"खरी अडचण सांगतो. वरून एखादी चौकट सुटली, तर आमची माणसं ओरडतात. तुम्हाला ऐकू येणार नाही. मी ती जोखीम कशी घेऊ?"

मावशीने प्रश्न जसाच्या तसा हातांत घेतला, काही न गाळता, काही मऊ न करता. रंध्याने तो पूर्ण होऊ दिला.

"कारखान्यात मी लाल दिवा बसवून घेतलाय," मावशीच्या तोंडून उत्तर आलं. "धोका असला की जवळचा कोणीही बटण दाबतो. दिवा लागला की सगळे वर बघतात. ज्यांना ऐकू येतं तेही. करवत चालू असली की त्यांनाही काही ऐकू येत नाही, फक्त ते कबूल करत नाहीत."

पडद्यावर प्रमुखांचा चेहरा हललाही नाही, आणि माझा हात आपसूक यंत्राकडे गेला. पट्ट्या सगळ्या भरलेल्या होत्या. ते नुसते विचार करत होते.

"गेल्या वर्षी आमच्या एकाचा खांदा गेला," ते हळूच म्हणाले. "ओरडलो होतो आम्ही. करवत चालू होती." मग ते पुढे झुकले. "तसा दिवा इथे बसवून द्याल?"

रंधा ताठ बसला. त्याचे हात एवढे मोठे आणि स्वच्छ हलले की मलाही पायरीवरून वाचता आले.

"आधी नोकरी द्या," मावशी म्हणाली, "मग दिवा."

प्रमुख खुर्चीत मागे रेलून मोठ्याने हसले. "दिली. कधी येताय?"

मावशीचे हात उठले आणि त्या सात अक्षरांना जेवढा वेळ लागायला हवा त्याहून जरा जास्तच वेळ हवेत राहिले. पलीकडे रंधा खुर्चीवरून उठला, बसला, पुन्हा उठला. मग त्याने उत्तर दिलं.

"येतो," मावशी म्हणाली, आणि तिचा आवाज जिन्याच्या सगळ्या मजल्यांवर गेला. "सोमवारी येतो!"