निस्तारिणीच्या अंगातली देवी

निस्तारिणी आमच्या शेजारच्या घोषालांची सून. अंगावरची हळद उतरायच्या आत विधवा झाली. तेव्हापासून एक वेळचं जेवण, मासा बंद, एकादशीला पाण्याचा थेंबही नाही.

अशाच एका एकादशीला शीतलादेवीच्या आरतीत ती भोवळ येऊन पडली आणि काहीतरी पुटपुटली. मी शेजारीच होते. मला 'पाणी' असं ऐकू आलं. पुजारी त्रैलोक्यठाकुरांना मात्र 'रेशमी साडी' असं ऐकू आलं.

"आई आली! आईला साडी हवी!" ते ओरडले. सगळ्या गावानं लोटांगण घातलं.

मग दर शनिवारी-मंगळवारी निस्तारिणीला देवळात बसवायला लागले. ती घुमायची, ठाकूर अर्थ सांगायचे. कधी देवीला खजुराचा नवा गूळ हवा असायचा, कधी पितळेची घागर. देवीची आवड ठाकुरांच्या बायकोच्या आवडीशी तंतोतंत जुळायची. गावाला तोही चमत्कारच वाटे.

निस्तारिणी मुकाट्यानं घुमत राहिली. घरी सासू आता तिला टाकून बोलत नव्हती, तेवढंच सुख.

पण एकदा कोळ्यांच्या खेंती म्हातारीनं नातवाच्या तापापायी आपली एकुलती दुभती शेळी नवस म्हणून देवळाला वाहिली. घाटावर भांडी घासताना निस्तारिणी मला म्हणाली, "अगं टगर, ते पोरगं आता दूध कुठलं पिणार?"

"देवीलाच विचार की!" मी चिडवलं. ती हसली नाही.

पुढच्या मंगळवारी देवी ठाकुरांच्या अर्थाची वाट बघत थांबलीच नाही. खणखणीत आवाजात म्हणाली, "शेळी परत दे."

ठाकूर चपापले. "आई, नवसाची वस्तू..."

"दे म्हणते ना! आणि मला मासा हवा. तळ्यातल्या कोई जातीच्या माशाचं कालवण, मोहरी वाटून. गावातल्या सगळ्या विधवांना माझ्या पंगतीला बसव."

ठाकूर लालबुंद झाले. "ही देवी नव्हे! ढोंग करतेय सटवी!"

खेंती म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "वा ठाकूरमोशाय! साडी मागितली तेव्हा देवी, आणि मासा मागितला की ढोंग? आईचा कोप होऊन गावात देवीची साथ आली, तर तुम्ही निस्तराल?"

साथीचं नाव निघताच गाव हललं. शेळी खेंतीच्या दारी परत गेली. तळ्यात जाळी पडली, केळीची पानं मांडली, आणि ठाकुरांना स्वतः वाढावं लागलं. पानावर बसलेल्या बायका मात्र माशाला हात लावेनात. शेवटी ठाकुरांचीच विधवा बहीण बिंदुवासिनी म्हणाली, "दादा, आईची आज्ञा कशी मोडू?" आणि तिनं पहिला घास घेतला. तिच्या डोळ्यांना धार लागली होती. मोहरी नाकात गेली म्हणाली. आम्हीही होय म्हटलं.

पुढच्या आठवड्यात ठाकुरांनी जाहीर केलं, की देवी गाव सोडून गेली. कुणी वाद घातला नाही. पण दरवर्षी शीतलेच्या उत्सवात विधवांची पंगत बसायला लागली, कारण ती बंद करायची छाती कुणाचीच नव्हती, ठाकुरांची तर नव्हतीच.

मी एकदा निस्तारिणीला विचारलं, "खरं सांग, देवी यायची का गं?"

तिनं बराच विचार केला. "साडीच्या वेळी नव्हती," ती म्हणाली. "माशाच्या वेळी आली असावी. नाहीतर मला एवढं बोलता आलं असतं का?"