वंदनाची वाळलेली कलमं

मिलिंद हा वंदनाचा धाकटा भाऊ. लखनौतच वाढला, त्यामुळे मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत. महिना-दीड महिन्यापूर्वी सकाळी पुण्यात मला त्याचा फोन आला. ‘‘शालूताई, दीदी नहीं रही,’’ एवढंच म्हणाला. मी वेड्यासारखी विचारत राहिले, ‘‘कुठली दीदी? अरे, कुठली?’’ जशा काही त्याला दहा बहिणी होत्या... झोपेतच तिचं हृदय बंद पडलं होतं. लखनौलाच विद्यापीठात मुलांना फळबागशास्त्र शिकवणारी वंदना मेश्राम, माझी कॉलेजपासूनची मैत्रीण, गेली. खरं सांगते, रडू नंतर आलं, आधी राग आला. तिच्यावरच. न सांगता निघून जाणं तिच्या स्वभावातच नव्हतं. ती सगळं सांगून टाकणारी बाई होती, आणि नेमकं जे सांगू नये तेही.

नव्वदच्या दशकात आम्ही दोघी लखनौला उद्यानविद्या आणि वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. करत होतो. माझे वडील बँकेत, घर इंदिरा नगरात. तिचे बाबा रेल्वेत, क्वार्टर चारबागजवळ. आमचं मराठी साताऱ्याचं, त्यांचं भंडाऱ्याचं, आणि कुणाचं खरं यावर आमची रोज जुंपायची. वर्गात मराठी आम्ही दोघीच, त्यामुळे मास्तरांची टिंगल बिनघोर करता यायची. वंदनाचा रुबाब काय सांगावा! बाकीच्या मुली शेणखत चिमटीत धरायच्या, ही कोपरापर्यंत हात घालायची. मलिहाबादच्या आंब्याच्या बागेत आमची सहल गेली, तर तिथल्या बागवानांसमोर मला मराठीत म्हणाली, ‘‘आंबा यांचा, ठीक आहे. पण कलम बांधावं ते भंडाऱ्याच्या हातानं.’’ त्यांना कळलं नाही म्हणून वाचलो.

घरी मात्र तिचा हा रुबाब चालत नव्हता. मेश्रामकाकांना मुलीचं मातीत रमणं अजिबात पटत नव्हतं. एकदा मी त्यांच्याकडे जेवायला बसले असताना तिच्या नखांकडे बघून ते म्हणाले, ‘‘माह्या बापानं दुसऱ्याच्या वावरात जिंदगी काढली. आम्ही शिकलो म्हणून खुर्चीवर बसतो. अन् तू पुन्हा मातीतच हात घालून राहिली?’’ त्यांचंही चूक नव्हतं. शेवटी बापलेकीत तोडगा निघाला. बी.एस्सी.ला फर्स्ट क्लास मिळाला तर एम.एस्सी., नाही तर झाडपाला विसरून बँकेच्या परीक्षा. दुसऱ्या वर्षी काविळीत तिचे मार्क घसरले होते, त्यामुळे सगळी भिस्त शेवटच्या प्रात्यक्षिकावर होती. पावसाळ्यात प्रत्येकाने स्वतः बांधलेलं आंब्याचं कलम उन्हाळ्याच्या तोंडाशी परीक्षकांसमोर ठेवायचं. वंदनाचं रोप साऱ्या वर्गात उठून दिसत होतं. लांब, तांबूस-हिरवी, चकचकीत पानं! काकासुद्धा एकदा बघून गेले आणि ‘‘बरं आलं,’’ म्हणाले. त्यांच्या तोंडून हे म्हणजे मेडलच.

परीक्षेच्या सकाळी कुंडी पुसताना तिने सांध्यावर, काडीभोवती गुंडाळलेली प्लॅस्टिकची पन्नी जरा वर सरकवली आणि तशीच बसून राहिली. मी वाकून पाहिलं. खाली गावठी रोपाचा खुंट, त्यावर बांधलेली दशहरी आंब्याची काडी. ती काडी काळी पडून वाळली होती. ती देखणी फूट सांध्याच्या खालून, खुंटाला आली होती. म्हणजे कलम मेलं होतं आणि आम्ही सगळे एका गावठी आंब्याचं कौतुक करत होतो. मी पन्नी पुन्हा खाली ओढली. म्हटलं, ‘‘कोण सोडून बघतंय? गप उभी राहा.’’ तिने कुंडी उचलून रांगेत ठेवली. मला वाटलं, पटलं.

परीक्षक बाहेरगावचे, उन्हाने वैतागलेले. वंदनाच्या रोपाशी आले आणि चेहरा खुलला. ‘‘वाह! किसका है?’’ मी तिच्या पायावर पाय दिला. तिने पाय काढून घेतला. ‘‘पौधा मेरा है सर, लेकिन कलम सूख गई है। ये नीचे की फूट है।’’ आणि स्वतःच्या हाताने पन्नी सोडली. सरांनी वाकून काडी पाहिली. ‘‘सूखी क्यों?’’ तर ही खणखणीत आवाजात सांगायला लागली, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल बोलत होती. काडीची पानं आठवडाभर आधी झाडावरच छाटायची असतात, म्हणजे तिच्यावरचे डोळे, कोंब फुटायच्या जागा, फुगतात. तिला सुट्टीत गावी जायची घाई होती, तिने त्याच दिवशी काडी कापून बांधली. ‘‘और नीचे की फूट तोड़ते रहना था, सर। हरा दिख रहा था, तो मैं खुश होती रही।’’ सरांनी काहीतरी लिहिलं आणि पुढे गेले.

फर्स्ट क्लास थोडक्यात हुकला. निकालाच्या दिवशी मी रडत होते आणि ती मला टेम्पो स्टँडवर पेरू खायला घालत होती. घरी तिने काकांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. चष्मा पुसता पुसता काका म्हणाले, ‘‘साहेबानं इचारलं नव्हतं, तरी सांगितलं? बँकेत बसली तरी हेच करशील. तिथं कोण टिकू देईल तुले? त्यापेक्षा झाडंच बरी.’’ हे रागाने की प्रेमाने, आम्हाला कधी कळलं नाही. पण बँकेचे फॉर्म काही आले नाहीत, आणि प्रवेशपरीक्षा देऊन तिने एम.एस्सी.ची जागा मिळवली. त्यानंतर वंदनाने मागे वळून पाहिलं नाही.

गेल्या आठवड्यात मी लखनौला गेले. तिच्या विभागातली खोली रिकामी करायची होती, मिलिंद एकटा कुठे पुरा पडणार? खिडकीखालच्या लांब टेबलावर कुंड्याच कुंड्या, आणि सगळ्यांत वाळलेली कलमं. मिलिंद म्हणाला, ही दीदीची पद्धत. जगलेलं कलम ती नंतर बघायची. आधी ज्याचं मेलं त्याने आत यायचं, बसायचं आणि काय झालं ते सांगायचं. आम्ही पुस्तकं खोक्यात भरत होतो, तेवढ्यात दारात एक मुलगी कुंडी घेऊन उभी राहिली. वंदना गेल्याचं तिला ठाऊक होतं. तरी आली होती. ‘‘मेरी सूख गई, मैम,’’ तिने मला सांगितलं, आणि तिच्या आवाजात लाज अशी नव्हतीच. मी खुर्चीवरचं खोकं खाली ठेवलं आणि बसले. ‘‘आओ बेटा, बताओ क्या हुआ।’’ तिच्या मागून आणखी एक आला, मग दोघं-तिघं... मिलिंदने सगळ्यांसाठी चहा मागवला. वंदनाचं सामान त्या दिवशी काही बांधून झालं नाही.