घरची हळद आणि आमचे सर

पीएचडीच्या काळात आमच्या सरांनी मला जेवढे धक्के दिले, तेवढे कराड-सांगली रस्त्यावरच्या खड्ड्यांनीही दिले नसतील. सर सांगलीच्या हळद व्यापाऱ्यांच्या घरातले, कराडला बायोकेमिस्ट्री शिकवायचे. घरच्या हळदीतलं कर्क्युमिन, म्हणजे तिचं पिवळं द्रव्य, एका प्रथिनाला किती घट्ट चिकटतं, हे मोजण्याचा त्यांना ध्यास होता. प्रयोगाच्या दिवशी डब्यात हळदीचा कणही चालत नसे. बोटांवरून तो क्युवेटला, म्हणजे प्रयोगाच्या काचेच्या कुपीला, लागेल म्हणे. पहिल्या दिवशी त्यांची पांढरीफटक आमटी पाहून मी हबकलेच. माझ्या लग्नात तर त्यांनी अक्षता टाकल्या आणि मांडवातच बजावलं, अंगावरची हळद पुरती उतरेपर्यंत लॅबमध्ये पाऊल टाकायचं नाही.

प्रथिनावर ठरावीक प्रकाश टाकला की ते मंद उजळतं आणि त्याला काही चिकटलं की तो उजेड घटतो. सरांच्या हळदीने तो झपाट्याने घटायचा. त्यावर सरांचा शोधनिबंध तयार झाला, माझा प्रबंधही त्याच आकड्यांवर उभा होता. सांगलीच्या परिषदेच्या आदल्या दिवशी मी सहज म्हणून प्रथिनाऐवजी नुसतं ट्रिप्टोफॅन, म्हणजे त्यातला उजळणारा तुकडाच, घेऊन पाहिलं. चिकटायला जागाच नव्हती, तरी उजेड तेवढाच घटला. पिवळी हळदच उजेड गिळत होती. डब्यातल्या हळदीवर एवढा संशय घेणाऱ्या माणसाने क्युवेटमधल्या घरच्या हळदीवर कधी घेतलाच नव्हता.

सकाळी एसटीत मी त्या प्रयोगाचा आलेख त्यांच्या हातात दिला. सांगली येईपर्यंत सर तो पुन्हा पुन्हा पाहत राहिले. माझी पीएचडी गेली, असंच मी धरून चालले होते. व्यासपीठावर जाऊन त्यांनी आधी माझा आलेख दाखवला, उजेड घरच्या हळदीनेच गिळला असं सांगितलं, माझं नाव घेतलं आणि आपला निबंध मागे घेतला. कौतुकाने आलेले त्यांचे धाकटे भाऊ जागेवरच उठले.

"आवं दादा, घरच्या हळदीला चारचौघांत असं बोलत्यात व्हय?"

"हळद चांगलीच हाय रं," सर म्हणाले. "मी चुकलो."

माझा प्रबंध दोन वर्षं लांबला, पण खरा झाला. सर त्याआधीच निवृत्त झाले, तो निबंध पुन्हा लिहायचा राहूनच गेला. आता मी शिकवते, माझेही निबंध छापून येतात. चारचौघांत उभं राहून ते दोन शब्द म्हणायची वेळ माझ्यावर अजून आलेली नाही. आली तर मला जमेल का, याची खरंच भीती वाटते.