अण्णांचा बहिष्कार आणि अक्कांचा प्रश्न

मी नागपूरहून बंगळूरला नोकरीला आले तेव्हा माझ्या सामानात चिनीमातीचा एक मग होता आणि त्यावर एका अवकाशयानाचं चित्र होतं. बसवनगुडीतल्या एका घरी मी वरची खोली बघायला गेले. पिशवीतून पाण्याची बाटली काढताना तो मग बाहेर आला आणि घरमालक बोलता बोलता थांबले.

"हे जहाज कुठनं आणलंस?" त्यांनी विचारलं.

"मैत्रिणीनं दिलं. तिचा भाऊ अमेरिकेत असतो."

"तू बघतीस ते?"

"लहानपणापासून."

ते आतल्या बाजूला वळून ओरडले, "अग, त्या दुसऱ्या लोकांना फोन कर! खोली दिली म्हणून सांग!"

असे मला अण्णा भेटले. टेलिफोन बनवणाऱ्या एका कारखान्यात आयुष्य काढून ते नुकतेच निवृत्त झाले होते. आतून हात पुसत आल्या त्या अक्का, त्यांच्या पत्नी. त्या मुलींच्या शाळेत इतिहास शिकवत. दोघांचेही पूर्वज काही पिढ्यांपूर्वी महाराष्ट्रातून इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी बोलत, पण ती मला सुरुवातीला अर्धीच कळायची. 'थोडं थांब' म्हणायचं तर 'स्वल्प थांब', आणि कुठल्याही गोष्टीला होकार म्हणजे 'सरी'. मी बोलले की अक्का कौतुकानं ऐकायच्या आणि म्हणायच्या, "रेडिओवरच्यासारखं बोलतीस ग."

त्या मालिकेचं नाव मी इथं सांगत नाही, कारण नावावरूनही अजून भांडणं होतात. आम्ही तिला नुसतं 'जहाज' म्हणायचो. टीव्हीवर एकच वाहिनी होती त्या काळात ती रविवारी सकाळी लागायची. अण्णा तेव्हा बंगळूरात, मी तेव्हा नागपुरात शेजाऱ्यांच्या घरी, सतरंजीवर मांडी घालून. दर आठवड्याला जहाज एका नव्या ग्रहावर जायचं, तिथं काहीतरी संकट असायचं, कॅप्टन हुकूम सोडायचा आणि तासाभरात सगळं मार्गी लागायचं. पुढं केबल आली, त्याच जहाजाच्या दुसऱ्या, तिसऱ्या मालिका आल्या आणि अण्णांनी एकही भाग सोडला नाही. माझ्या परक्या शहरातल्या पहिल्या महिन्यांत अण्णांबरोबर केबलवर जहाज बघायची रविवारची संध्याकाळ ही एकच वेळ अशी होती, की मला कुणाशी काय बोलावं हा प्रश्न पडत नसे.

माझं ऑफिस इंदिरानगरला होतं. तिथं माझ्या शेजारच्या टेबलावर एक पुणेकर बसायचा, माझ्याच वयाचा, जाड चष्म्याचा, आणि तोही जहाजवाला. एके दिवशी तो खुर्ची सरकवत माझ्याजवळ आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "नवी सिरीज येतेय. अमेरिकेत सुरू झालीय. आणि लोक प्रचंड चिडलेत."

तेव्हा घरोघरी इंटरनेट नव्हतं. पण आमच्यासारख्या सॉफ्टवेअरच्या ऑफिसांत होतं, आणि त्यावर चर्चेचे गट असत. कुणीही काहीही लिहावं, जगभरातून कुणीही उत्तर द्यावं. पुणेकरानं मला जहाजवाल्यांचा गट उघडून दाखवला. वाचता वाचता माझा चहा गार झाला.

नव्या मालिकेत म्हणे एक ग्रह राहण्यालायक उरत नाही, म्हणून तिथली कुटुंबंच्या कुटुंबं जहाजात बसून कायमची निघतात. कॅप्टन एक मध्यमवयीन बाई. ती हुकूम सोडत नाही. सगळ्यांना जेवणाच्या टेबलाशी बोलावते, विचारते, आणि मग ठरवते. पहिल्या काही भागांत एकही लढाई नाही. यावर लोकांनी काय काय लिहिलं होतं! एकानं लिहिलं होतं की ही मालिका नाही, सोसायटीची मीटिंग आहे. दुसऱ्यानं शोक व्यक्त केला होता, घरातलं कुणी गेल्यासारखा. एकीनं मात्र लिहिलं होतं, की पहिल्यांदाच मला या जहाजावर राहायला जावंसं वाटलं. तिच्यावर बाकीचे तुटून पडले होते.

पुणेकरानं हे सगळं छापून दिलं. कडेला भोकं असलेला लांबलचक कागद होता. मी तो गुंडाळून घरी नेला आणि अण्णांना वाचून दाखवला.

अण्णांचा चेहरा फुलत गेला. मालिका बिघडली याचं दुःख त्यांना झालं असेल, पण आपल्याइतकंच चिडणारी माणसं जगात इतकी आहेत, याचा आनंद त्याहून मोठा होता. आजवर त्यांचं ऐकायला अक्का होत्या, आणि अक्का तर 'जहाज' सुरू झालं की स्वयंपाकघरात निघून जात.

"बघितलंस!" ते म्हणाले. "जहाजाचा कॅप्टन सगळ्यांना विचारत बसतो म्हणून कुठं असतं काय? वादळ आलं तर टेबल मांडायचं?"

"पण अण्णा, बाई कॅप्टन आहे ते चांगलं नाही का?" मी म्हणाले. मला खरंच आनंद झाला होता.

"बाई असू दे की. बाईनं हुकूम सोडू नये म्हणून कुणी सांगितलं? आमच्या अक्कांकडे बघ."

आतून अक्कांचा आवाज आला, "भाजी निवडून झाली काय?"

अण्णा भाजी निवडायला बसले आणि तिथूनच त्यांनी आपलं मत सांगायला सुरुवात केली. त्यांना तेही त्या गटात छापून यायला हवं होतं. त्यांचं इंग्रजी कारखान्यातल्या नोटिशींसारखं होतं. त्यांनी सांगितलं आणि मी लिहून घेतलं, की सदर प्रेक्षक, बंगळूर, भारत, हा मूळ मालिकेशी एकनिष्ठ असून नव्या मालिकेवर तात्काळ बहिष्कार घालीत आहे. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी ते जसंच्या तसं टाइप केलं. पुणेकर हसून हसून टेबलावर पालथा पडला.

पण गटातल्यांना ते फार आवडलं. 'बंगळूरचे गृहस्थ योग्य बोलले' अशी उत्तरं आली. फक्त त्या एका बाईनं, जिला जहाजावर राहायला जावंसं वाटलं होतं, विचारलं, "तुम्ही मालिका पाहिलीत का?" ती कॅनडात राहत होती.

मी ते अण्णांना वाचून दाखवलं. मालिका अजून आपल्याकडे आलेलीच नव्हती.

"रस्त्यात खड्डा दिसतो तर उतरून बघायचं काय?" ते म्हणाले. "असंच लिही."

मी तसंच लिहिलं. त्यांच्या बहिष्काराची कीर्ती आणखी वाढली.

वर्षभरानं मालिका आपल्याकडच्या केबलवर आली, रविवारी संध्याकाळी. मी तर बघणारच होते. पुणेकर गांधी बाजारातून गरम बोंडे, म्हणजे इथले बटाटेवडे, बांधून घेऊन आला. अण्णांची खरी पंचाईत झाली. सगळ्या जगासमोर बहिष्कार घातलेला, आणि टीव्ही तर त्यांच्याच घरात.

"तुम्ही बघा," ते म्हणाले. "मी व्हरांड्यात पेपर वाचतो."

ते बाहेर गेल्यामुळे त्यांची आरामखुर्ची रिकामी राहिली. त्या दिवशी पाय दुखत होते म्हणून अक्का तिच्यात येऊन बसल्या. जहाजाचा एकही भाग त्यांनी आजवर पुरा पाहिला नव्हता. पडद्यावर लोक घरं सोडून निघत होते. कुणी भांडी बांधत होतं, कुणी कुलूप लावून परत उघडून बघत होतं. अक्का पुढं झुकल्या. जाहिराती लागल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "पुढच्या रविवारी पण आहे काय हे?"

त्यानंतर दर रविवारी आम्ही तिघं आत आणि अण्णा व्हरांड्यात असा प्रकार सुरू झाला. व्हरांड्याची खिडकी हॉलमध्ये उघडायची. पहिल्या रविवारी अण्णांची खुर्ची फाटकाकडे तोंड करून होती. पुढं ती भिंतीलगत आली. मग खिडकीच्या खाली. पेपर मात्र सतत उघडा.

"आत या की," अक्का म्हणायच्या. "डास चावतायत."

"वाचतोय."

"अंधार पडलाय. काय दिसतंय?"

"हेडलाइन."

मग तो भाग आला, ज्यात जहाजाची संपर्कयंत्रणा बंद पडते. कुणाचा आवाज कुणाला ऐकू येईना. जहाजावरचा तंत्रज्ञ तारा हातात घेऊन घामाघूम झालेला. आम्ही श्वास रोखून बघत होतो आणि एवढ्यात खिडकीतून आवाज आला, "अरे, अर्थिंग बघ आधी! अर्थिंग!"

आम्ही तिघंही दचकलो. पुणेकराच्या हातातला बोंडा खाली पडला. खिडकीच्या गजांना धरून अण्णा उभे होते, चष्मा कपाळावर.

तंत्रज्ञानं अर्थिंग बघितलं नाही. दोष भलत्याच ठिकाणी निघाला. एका लहान मुलीनं खेळता खेळता कसलं तरी बटण दाबलं होतं. अण्णा तरातरा आत आले. "हे काय? असं कधी होतं काय? तीस वर्षं मी टेलिफोन बनवले. बटणानं लाइन जात नाही!"

"सरी," अक्का म्हणाल्या. "आलात ना आत? बसा आता."

त्या खुर्चीतून उठल्या नाहीत. अण्णा पुणेकराशेजारी दिवाणावर बसले आणि त्यांनी उरलेला भाग सगळा बघितला. शेवटी कॅप्टन त्या मुलीला रागवत नाही, तिला यंत्रणेपाशी नेऊन काय कुठं असतं ते दाखवते. अण्णा खाकरले. "एवढं एक बरं केलं," ते म्हणाले.

बहिष्कार उठवायचा तर तोही रीतसर उठवायला हवा होता. त्यांनी सांगितलं, मी टाइप केलं, की सदर प्रेक्षकाचे मत कायम आहे, मात्र यापुढे तो आत बसून मालिका पाहील. कॅनडातल्या बाईचं उत्तर आलं, "आत स्वागत आहे. बाहेर थंडी असेल." अण्णांनी मला ते दोनदा वाचायला लावलं.

"इथं डास आहेत म्हणून कळव तिला," ते म्हणाले.

आता अक्कांचं. मालिका बरीच पुढं गेली तेव्हा एका रविवारी त्या सहज म्हणाल्या, "या जहाजावर म्हातारं कुणीच का नाही?"

"म्हणजे?" पुणेकरानं विचारलं.

"घरंच्या घरं निघाली. मुलं आहेत, कुत्रं पण आहे. आईवडील कुठं? मागं ठेवून आले काय? मग त्याबद्दल कुणी काही बोलत का नाही?"

आम्ही इतके दिवस मालिका बघत होतो, कपड्यांवरून, लढायांवरून, कॅप्टनच्या आवाजावरून वाद घातले, पण हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी तो प्रश्न गटात टाकला आणि खाली लिहिलं, 'बंगळूरच्या गृहस्थांच्या पत्नीकडून'.

त्या आठवड्यात गटात दुसरं काही चाललंच नाही. लोकांनी आधी कारणं शोधली. जहाजात जागा कमी, प्रवास कठीण. कुणी जुन्या भागांमधून एक पांढऱ्या केसांचा माणूस शोधून काढला, त्यावर तो म्हातारा की नुसताच पिकलेला यावर वाद झाला. आणि मग हळूहळू लोक मालिका सोडून स्वतःबद्दल लिहायला लागले. एकानं लिहिलं, की माझी आई दोन दिवसांच्या अंतरावर असते आणि मी या वर्षी गेलेलो नाही. जो माणूस 'सोसायटीची मीटिंग' म्हणाला होता, त्यानं लिहिलं, की वडिलांना आज फोन केला, ते विचारत होते काय झालं, बरा आहेस ना?

मी हे सगळं ऑफिसात वाचत होते. संध्याकाळी बसमधून उतरले ती घरी जाण्याऐवजी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये शिरले. फोन आईनं उचलला.

"काय झालं?" तिनं घाबरून विचारलं. "आज तर रविवार नाही."

"काही नाही. तुम्ही दोघं इकडे या ना. उन्हाळ्यात या. इथं पंखापण लावावा लागत नाही."

"घरमालकाला चालेल का?"

मी घरी येऊन विचारलं. अक्का म्हणाल्या, "हे विचारायचं असतं काय?" आणि गाद्या उन्हात घालायला काढल्या.

आईबाबा मे महिन्यात आले. नागपूरच्या उन्हातून सुटलेले बाबा पहिले दोन दिवस नुसते व्हरांड्यात बसून हवा खात होते. तिथंच अण्णांनी त्यांना गाठलं आणि जहाजाचा सगळा इतिहास सांगितला, पहिल्या मालिकेपासून. आईला अक्कांनी बिसीबेळे भात शिकवला आणि आईनं त्यांना पाटवडी. रविवारी सगळे हॉलमध्ये जमले. बाबांना इंग्रजी बोलणं भरभर कळत नसे, म्हणून अण्णा मराठीत सांगत होते, आणि अण्णांचं मराठी बाबांना कळत नसे, म्हणून मी. अर्ध्या तासानं बाबा म्हणाले, "पण हे पोचणार कधी?"

"पोचत नाहीत," आई म्हणाली. तिनं दहा मिनिटांत सगळं ओळखलं होतं. "त्यांचं तिथंच घर झालंय आता. बघा ना, पडदे लावलेत."

अक्का जोरात हसल्या. मी आईकडे बघत राहिले. ती पडद्याकडे बघत होती आणि मजेत होती.

दशक संपता संपता ती मालिका संपली. शेवटच्या भागातही जहाज कुठं पोचलंच नाही, आणि हा शेवट जगभरच्या जहाजवाल्यांना अजिबात आवडला नाही. तोवर बसवनगुडीत सायबर कॅफे उघडले होते आणि अण्णा स्वतःच जाऊन एका बोटानं टाइप करायला शिकले होते. एका संध्याकाळी मी ऑफिसातून येत होते, तर ते कॅफेच्या दारातून हात करून बोलवत होते.

"सगळे शिव्या देतायत," ते म्हणाले. "शेवट वाईट म्हणून. मी लिहिलं, शेवट उत्तम आहे. तर मलाच शिव्या. एकानं विचारलं, तुम्ही मूळ मालिका पाहिलीय काय म्हणून!"

"मग?"

"मग काय. बस इथं. उत्तर लिहायचंय. अक्का पण येतीय, तिचे दोन मुद्दे आहेत."

मी पर्स खाली ठेवली आणि शेजारची खुर्ची ओढली.