उलट्या तोंडाचा बांध

नागपूरहून विमानात बसलो तेव्हाच सिंगापूरच्या मुलाला, सुनीलला, फोनवर सांगितलं होतं, दिवाळीच्या आत परत. दिवाळीनंतर वैनगंगा उतरते. दगड आणि बांबूच्या कामट्यांचा बांध घालून मासे धरायचं काम गावात आता एकट्या मलाच येतं. शाळा चौथीपर्यंत, पण पाण्यातलं मला शिकवणारा अजून जन्मायचा आहे.

सिंगापुरात बेडोक भागात सुनीलचा फ्लॅट, अकराव्या मजल्यावर. खाली हॉकर सेंटरमध्ये (छपराखालची खाऊगल्लीच) तिखट लावून भाजलेला मासा खाल्ला. चांगला होता. आमच्याइतका नाही.

तिसऱ्या दिवशी सुनीलने तिथं राहायच्या परवान्याचे कागद पुढे केले. "बाबा, सही करा, इथंच राहा. तिकडे आता कोण आहे?"

"नदी आहे."

रविवारी होडीने केलाँग (समुद्रात खांब रोवून केलेला माशांचा पिंजरा) बघायला गेलो. पाणी किनाऱ्याकडे चाललेलं आणि पिंजऱ्याचं तोंडही किनाऱ्याकडेच! आमच्यात तोंड येत्या पाण्याला असतं.

"उलटा बांधला बाप्पा!" मी हसलो.

"त्यांचा जन्म गेला यात," सुनील चिडला. "तुम्ही चुकलात तर सही कराल?"

"करीन."

मालक माझ्याच वयाचा मलायी म्हातारा. त्याला पाकचिक (काका) म्हणतात. सोबत आलेल्या नात रियाने त्याला विचारलं. तो बोळकं पसरून हसला.

"आजोबा, ही सेज वेट, लाह," रिया तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. म्हणजे, थांबा म्हणतो.

दोन तास बसलो. मग पाणी थबकलं आणि चक्क समुद्राकडे परत निघालं. किनाऱ्याकडचे मासे थेट तोंडात. माझी नदी आजवर एकदाही मागे फिरली नव्हती, मला काय ठाऊक?

सुनीलने पेन काढलं.

"रिया, विचार त्याला, तुझ्यानंतर हे कोण करणार?"

म्हाताऱ्याने लुंगीला हात पुसले. कोणी नाही. मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला, चोआ चू कांगला असतो, इकडे फिरकत नाही.

पेन मी सुनीलच्या खिशात परत खोचलं. "हरलो. पण सही नाही करणार."

"बाबा, शब्द दिला होता तुम्ही!"

"दिला होता. मोडला."

निघायच्या दिवशी विमानतळावर मात्र सुनीलने खाली बघत विचारलं, "कामट्या कोण तासून देतं आता?"

"मीच."

आज बांध घातला. तोंड वरच्या अंगाला, येत्या पाण्याला. सुनीलच्या फोनमुळे गावभर झालंय, म्हातारा पैज हरला आणि शब्द फिरवला. खरं आहे. तिथलं पाणी रोज फिरतं, त्याला कोणी नावं ठेवत नाही. मी आयुष्यात एकदा फिरलो.