स्ट्रायकरची पिशवी

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी मला तोंड उघडायला सांगितलं. मी उघडलं. "पूर्ण उघडा," त्या म्हणाल्या. मी म्हणालो, हे पूर्णच आहे. मग त्यांनी मला माझीच तीन बोटं जुळवून उभी दातांमध्ये घालायला लावली. धडधाकट माणसाची तीन आरामात जातात म्हणे. माझी दोन गेली आणि तिसरं बाहेर राहिलं. "खर्रा कधीपासून खाता?" त्यांनी विचारलं. मिसरूड फुटल्यापासून, हे सांगायचं जिवावर आलं, म्हणून मी नुसता छताकडे बघत राहिलो.

गालांची आतली बाजू चामड्यासारखी ताठ झाली होती. बाईंनी अगदी शांतपणे सांगितलं, की आजपासून बंद केलंत तर ही दोन बोटं टिकतील, नाहीतर एकावर याल आणि मग पेज प्यावी लागेल. त्याच्यापुढचं त्या बोलल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा बोलला. मी विचारलं, बंद केल्यावर तिसरं बोट जाईल का? "ते सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "आहे ते टिकवा."

याच वाक्यानं माझं डोकं फिरलं. माणूस काहीतरी मिळवायचं म्हणून जिवाचा आटापिटा करतो. इथे जन्माची सवय सोडायची, घाम गाळायचा, चिडचिड सोसायची आणि बक्षीस काय, तर आहे तेवढंच तोंड.

मेहकरला माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. शेतातल्या पाण्याच्या मोटारी जळून येतात, मी त्यांची जळकी तार काढतो आणि नवी भरतो. हरभऱ्याला पाणी सुरू झालं की जेवायला फुरसत नसते. पण संध्याकाळी दुकानात एका रिकाम्या ड्रमवर कॅरम मांडला जातो, तो बारा महिने. माझा जोडीदार एस.टी.चा निवृत्त ड्रायव्हर. मोताळ्याची गाडी त्याने इतकी वर्षं चालवली, की बोर्डवर सोंगटी मारतानाही वळणावर आल्यासारखा खांदा झुकवतो. कॅरमचे जोडीदार खरं तर समोरासमोर बसतात, पण ड्रमच्या दोन्ही अंगांना मोटारींचा ढीग, म्हणून आम्ही दोघं एका बाजूला शेजारी, समोर जे कोणी येतील ते.

आणि मध्ये खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून त्याची पुडी बांधलेली असते. ती बोर्डच्या कडेवर उघडायची आणि ज्याने त्याने चिमूट घ्यायची. इथे पुडी कोणाची हे कोणी विचारत नाही आणि नाही कोणी म्हणत नाही. नाही म्हटलं की समोरचा आधी तब्येत विचारतो, मग राग आला का विचारतो, आणि मग स्वतःच रागावतो. पहिल्या संध्याकाळी मी नाही म्हटलं तेव्हा जोडीदाराने पुडी माझ्यासमोर तशीच धरून ठेवली. "काऊन बे, मह्या हाताले काय झालं?" तो म्हणाला.

मुलगी पुण्याला नोकरी करते. तिला कळल्यावर तिने मोबाइलवर व्हिडिओंचा सपाटा लावला. सगळ्यांत एखादा इस्त्रीतला तरुण हसत हसत सांगायचा, की वाईट सवय सोडू नका, तिच्या जागी चांगली सवय बसवा, जागा तीच, वेळ तीच, फक्त कृती बदला. ऐकायला गोड. त्या तरुणाला एकदा आमच्या ड्रमसमोर बसवावं आणि नाकाखाली ताजी घोटलेली पुडी उघडावी, असं मला फार वाटायचं. वेलदोड्याचे दाणे चघळून झाले, बडीशेप झाली. शेवटी लवंग खाऊन जीभ सोलली. हात मात्र शिवशिवत राहायचे, आणि डावातही मी सारखी दातांत बोटं घालून तिसरं जातंय का ते बघायचो. बिचाऱ्या गिऱ्हाइकांवर मी खेकसायला लागलो.

मुलीचं आणखी एक होतं. ती आणि तिच्या मैत्रिणी सुट्टीच्या दिवशी टेबलावर कसले कसले पटांचे खेळ मांडतात. त्यात चिमुकली लाकडी घरं असतात, मेंढ्या असतात, वेगवेगळ्या आकाराचे फासे असतात. ते ठेवायला क्रोशाच्या पिशव्या विकत मिळतात आणि त्या तिला महाग वाटत होत्या. ती आईला फोनवर म्हणाली, तू बाबांना क्रोशा शिकव, हात गुंततील आणि माझ्या फाशांनाही पिशव्या होतील.

माझी बायको इकडच्याच उंद्रीची. तिच्या माहेरी मुलीला सुईदोरा येत नाही म्हणजे काहीतरी उणं. आमच्या घरात टीव्हीला क्रोशाचं कव्हर आहे, मिक्सरला आहे, फ्रीजच्या दांडीलासुद्धा आहे. तिने मला सुई दिली आणि साखळी घालायला शिकवली. मला वाटलं, यात काय, आयुष्यभर तारच गुंडाळतोय. पण तार वाकवली की वाकते आणि सांगितलं तिथे राहते. दोरा कोणाचं ऐकत नाही. बोटाला गुंडाळला तर बोट आवळतो, सोडला तर टाका निसटतो, आणि एक टाका निसटला की पोत्याच्या तोंडाची शिलाई ओढावी तशी अख्खी ओळ सरसर उसवत जाते. मी सुई फेकून दिली.

"तुमच्यानं होत नसंल तं राहू द्या," ती भाजी निवडत म्हणाली. "दुकानात मोटार फेकता का अशी?"

मी सुई परत उचलली. साखळीनंतर मुका खांब आला. हा सगळ्यात साधा टाका. गोल गोल घालत गेलं की खालून वाटी तयार होते आणि वाटी वाढवत नेली की पिशवी. माझी पहिली वाटी टोपीसारखी झाली, दुसरी केळ्यासारखी. पण मी ती रोज दुकानात नेत होतो. डाव मांडला की माझी पाळी येईपर्यंत टाके घालायचे, पाळी आली की सुई कानावर ठेवायची आणि स्ट्रायकर घ्यायचा. आमच्या समोरच्या जोडीने आधी खूप दात काढले. काढा म्हटलं, तुमचे निघतायत तोवर काढून घ्या.

एकदा डाव रंगात असताना माझा उजवा हात आपोआप पुडीकडे गेला. मला कळलंही नाही. बोटांत सुई होती म्हणून चिमूट जमेना, तेव्हा लक्षात आलं. त्या संध्याकाळी मला बरं वाटायला हवं होतं, पण मी चिडलो. माझा निश्चय कुठेच नव्हता, मला वाचवलं ते एका वाकड्या तोंडाच्या सुईने.

शेवटी एक पिशवी नीट झाली. निळी, तळहाताएवढी, तोंडाला नाडी ओढली की बंद होणारी. आमचा स्ट्रायकर चांगला होता, पण सोंगट्यांच्या डब्यात आपटून त्याच्या कडेचे टवके उडत होते. त्याला मऊ घर हवंच होतं. मी ती पिशवी जोडीदाराला दिली, कारण तो डबा रोज तोच घरी नेत असे. खरं सांगायचं तर मला त्याच्याकडून शाबासकी हवी होती. इतक्या दिवसांच्या चिडचिडीतून काहीतरी हातात धरण्यासारखं निघालं होतं.

त्याने ती उलटीसुलटी पाहिली, नाडी ओढून पाहिली. "मस्त चंची केली बे," तो म्हणाला. मग स्ट्रायकर शर्टाच्या खिशात टाकला आणि खर्ऱ्याची पुडी पिशवीत ठेवून नाडी ओढली.

चंची म्हणजे म्हातारी माणसं पानतंबाखू ठेवायला कमरेला खोचतात ती कापडी पिशवी. आमच्या भागात नाडीची लहान पिशवी दिसली की दुसरं काही कोणाच्या डोक्यात येतच नाही. मी सांगितलं, की ही स्ट्रायकरची पिशवी आहे.

"स्ट्रायकर काय, खिशातबी राह्यते," तो म्हणाला. "पुडी फुटते खिशात. सगळ्या शर्टाले वास येते, मंग सून बोलते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यावर कळस म्हणजे समोरच्या दोघांनाही तशीच चंची हवी झाली. एकाने तर रंग सांगितला. मी ज्या गोष्टीपासून हात सोडवायला टाके घालत होतो, तिलाच घर बांधून देत होतो, तेही निळ्या लोकरीचं, नाडीसकट. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती पोट धरून हसली. मग म्हणाली, "मंग जाळीची करा ना. जाळीत भुगा राह्यते का?"

ते मला पटलं. रागाच्या भरात मी जाळीचा टाका शिकलो. त्यात दोन खांबांच्या मध्ये साखळी सोडत जायचं. भोकं एवढी, की कॅरमची सोंगटी अडकेल पण सुपारीचा तुकडा गळून जाईल, आणि आतलं सगळं बाहेरून दिसेल. वर सोंगट्यांना चिकटलेली पावडरही झडून जाणार. जोडीदाराची निळी पिशवी मी मागून घेतली आणि जाळीची त्याच्या हातात ठेवली. "आता ठेव हिच्यात पुडी," मी चारचौघांत म्हणालो. "तुह्या सुनेलेबी दिसू दे."

 त्याने डाव पुरा केला, जाळी खिशात कोंबली आणि गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही.

समोरची जोडी थोडे दिवस येऊन बसली, मग तीही दुसरीकडे गेली. मी एकटाच ड्रमसमोर टाके घालायचो. आता पुडी नाही, वास नाही, कोणी चिमूट पुढे करत नाही. सवय सुटायला यापेक्षा चांगली जागा नाही. आणि मला त्या दिवसांत खर्ऱ्याची जेवढी तलफ आली तेवढी आधी कधी आली नव्हती. मुलीच्या फाशांसाठी पिशव्यांवर पिशव्या झाल्या. तिने फोटो पाहून फोनवर टाळ्या वाजवल्या. मला त्या पिशव्या चुलीत घालाव्याशा वाटत होत्या. त्या हसऱ्या तरुणाने कुठल्याच व्हिडिओत सांगितलं नव्हतं, की सवय जाते तेव्हा तिच्यासोबत माणूसही उठून जातो.

जोडीदार आला तो थेट घरी, रविवारी सकाळी. हातात ती जाळी, घडी घातलेली. "हे घे तुह्यं," म्हणून त्याने ती टेबलावर ठेवली. बायकोने आतून रव्याचे लाडू आणले.

"नको वहिनी, उपास हाय मले," तो म्हणाला.

"रविवारचा कायचा उपास, भाऊजी?" बायकोने विचारलं. "मागच्या बारशातबी तुमी उपासच सांगितला. लग्नातबी पंगतीत नव्हते."

 त्याने एक लाडू बशीतच कुस्करला, अगदी रवा रवा केला, आणि चिमटीने थोडा थोडा आत सारला, आम्ही खर्रा सारायचो तसाच.  मी इतकी वर्षं त्याच्या शेजारी बसत होतो, पण आमचं दोघांचं एकत्र खाणं म्हणजे तेवढा खर्राच होता, बाकी जेवताना मी त्याला कधी पाहिलं होतं ते मला आठवेना.

"किती जातात?" मी विचारलं.

"दीड," तो म्हणाला. "दुसरं अर्ध्यात अटकते." बशीतला रवा तो बोटाने गोळा करत होता. "तू सारखा आपली बोटं मोजतं, आन् मंग मह्या तोंडाकडं पाह्यतं. म्हून मी तुह्यासमोर जांभईबी देत नाई बे. दिली तं पाठ फिरवून देतो."

बायको उठून आत गेली. मला त्याच्यावर भयंकर राग आला. एवढं झालं आणि सांगितलं नाही. मग तोच राग फिरून माझ्यावर आला, कारण चारचौघांत जाळी हातात देऊन मी त्याला सांगायला जागा तरी कुठे ठेवली होती? मी सुई पुढे केली. म्हटलं, शिक, मी शिकवतो. त्याने ती हातात धरून पाहिली आणि परत दिली. "सुईबिई मह्याच्यानं होत नाई. आन् खर्राबी सुटते का नाई, देव जाणे. डॉक्टरकडं चाल म्हणशीन तं येतो."

डॉक्टरीणबाईंनी त्यालाही तेच सांगितलं, आहे ते टिकवा. तो येताना रस्ताभर बाईंना शिव्या घालत होता. मला ते वाक्य दुसऱ्यांदा ऐकूनही तितकंच लागलं.

डाव पुन्हा मांडला जातो, समोरची जोडीही परतली आहे, पण खर्रा त्याने सोडलेला नाही. पुडी आता स्कूटरच्या डिकीत असते आणि स्कूटर तो मुद्दाम लांब, चौकात लावतो. तलफ आली की डाव अर्धा टाकून कुरकुरत तिथवर चालत जातो. कधी जातो, कधी अर्ध्या वाटेतून परत येतो, आणि आम्ही राणी ताटकळत ठेवून त्याची वाट बघतो. मला याचा मनस्वी वैताग येतो. माझीही बोटं दोनच आहेत, तिसरं बाहेरच. सोंगट्या जाळीत राहतात, स्ट्रायकर निळ्या पिशवीत. तंबाखूचा वास दोनदा धुऊनही त्या पिशवीचा गेलेला नाही.

परवा समोरच्या गड्याने नेम धरायला फार वेळ लावला. जोडीदार माझ्या शेजारी कंटाळून बसला होता. बसल्या जागी, माझ्याकडे तोंड करून त्याने जांभई दिली. हात मध्ये न धरता, त्याचं तोंड जेवढं उघडत होतं तेवढं उघडून. मी बोटं मोजली नाहीत. मग मलाही जांभई आली आणि मीही पाठ फिरवली नाही.