डझनाचं सासर

नातीच्या लग्नाचा हिरवा चुडा काल घरी आला. कागद सोडताना काचेची ती किणकिण ऐकली आणि मी थेट गुलमंडीच्या बाजारातल्या एका जुन्या दुकानात जाऊन पोचले.

पोलीस ॲक्शनला दोन-तीन वर्षं झाली होती. मी कन्नडहून नवीच लग्न होऊन आलेली, शाळेचं तोंड न पाहिलेली. सासरे मात्र इंग्रजीचे मास्तर. “सूनबाई, तुमच्या नणंदेसाठी एक डझन बांगड्या घ्या,” म्हणाले आणि बाहेरच उभे राहिले. डझन म्हणजे किती? विचारलं तर अडाणी ठरणार, चुकलं तरी ठरणारच.

“एक डझन,” मी कशीबशी म्हणाले. दुकानातल्या चाचीनं बांगड्या काढल्या आणि अंगठा बोटांच्या पेरांवर टेकवत एकेक मोजली. चार बोटं, प्रत्येकाची तीन पेरं. करंगळीच्या टोकाला ती थांबली. “हो गए, बेटी.”

अगं बाई, बारा! माझी आई थापलेल्या गोवऱ्या अश्शाच मोजायची. जीव भांड्यात पडला.

परतताना धीर करून विचारलं, “मामंजी, डझन हा शब्द इंग्रजांचाच व्हय?”

“छे! त्यांनी तो फ्रेंचांकडून आणला. त्याच्याही मागं लॅटिन. मूळ अर्थ दोन आणि दहा.”

मी पदराआड हसले. ज्या शब्दाला मी एवढी भ्याले होते, तोही माझ्यासारखाच परक्या घरी येऊन नांदलेला होता.